कठडा आईने लावला होता

हे मी माझ्या बायकोलाही बोललेलो नाही. मधुराला वाटतं, तिला माझं सगळं माहीत आहे – आणि बाकीचं आहेही. हे एवढं नाही. तुलाच का सांगतोय, ते विचारू नकोस. मलाही नीट कळलेलं नाही.

कुठून सुरू करू? कामापासून करतो, ते सोपं आहे. पवईच्या एका ऑफिसात मी क्रीमच्या डब्या, शाम्पूच्या बाटल्या डिझाइन करतो. या कामात एक गोष्ट लवकर कळते. सारख्या वजनाच्या दोन डब्या घे, एक मोठी, एक लहान. कुणाच्याही हातात दे – लहानच जड वाटते. काट्यावर ठेवून दाखवलं तरी माणसाला पटत नाही. कारण उचलायच्या आधी डोळ्यांनी ठरवलेलं असतं, मोठं म्हणजे जड. हात तेवढा जोर लावतो, आणि मोठी डबी भसकन वर येते. मीटिंगमध्ये मी हे कितीदा करून दाखवलंय. लोक हसतात. म्हणजे मला हे माहीत होतं. आधीपासून माहीत होतं.

बाबा दांडगे होते. मुलुंडच्या आमच्या सोसायटीत कुणाचं कपाट हलवायचं असलं की बाबांना हाक. लहानपणी मी त्यांच्या दंडाला लोंबकळायचो आणि ते तसेच मला घेऊन दूध आणायला जायचे. मग अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. एक ‘ना’ तेवढा उरला. पाणी हवं असलं तरी ना, नको असलं तरी ना. आईला मात्र प्रत्येक ‘ना’चा अर्थ लागायचा.

आईने कठडेवाला पलंग भाड्याने आणला, चाकांची खुर्ची आणली. माझी आई ही एवढीशी, माझ्या खांद्यालाही न लागणारी. ती त्यांना एकटी उचलून खुर्चीत बसवायची. मी बघायचो आणि म्हणायचो, आई, तुझ्यात ताकद कुठून येते गं? ती हसायची. ही बाई एवढ्या माणसाला उचलते कशी, हा प्रश्न मला एकदाही खरा पडला नाही. पडला असता तर उत्तर समोरच होतं ना?

पवईहून मुलुंड कितीसं लांब? मी रविवारी जायचो. फळं न्यायचो, दाराजवळच्या खुर्चीत मोबाईल घेऊन बसायचो. बाबांना हात लावायचो नाही. तो वास, ते लोंबणारं ओठाचं टोक – मला सहन व्हायचं नाही. हेही मी कधी कुणाला बोललो नाही.

त्या रविवारी आई खाली औषधं आणायला गेली. जाताना म्हणाली, “मी आले की दोघं मिळून बसवू ह्यांना खुर्चीत. तोवर बस जरा त्यांच्याजवळ.”

मला दुपारी मित्रांकडे जेवायला जायचं होतं. उशीर होत होता. म्हटलं, उरकून टाकू. कठडा खाली केला. बाबा चादरीखाली होते, तेच रुंद खांदे, तीच लांबी. एक हात पाठीखाली, एक गुडघ्यांखाली घातला, आणि माझ्या आठवणीतल्या बाबांना उचलायला लागेल तेवढा जोर लावला.

ते रिकाम्या खोक्यासारखे वर आले.

मी मागे कोलमडलो. पाय खुर्चीत अडकला आणि बाबा हातातून सुटले. कमरेवर पडले. तो आवाज – नको, तो राहू दे.

मी उभाच होतो. दारात किल्ली फिरली. आई आत आली, पिशवी टाकून त्यांच्याजवळ बसली. “काय झालं रे?”

आणि मी म्हणालो, “मी बाथरूममध्ये होतो. कठडा खाली राहिला होता. ते स्वतःच उतरायला गेले वाटतं.”

ठरवून नाही बोललो. पण बोलल्यावर मागेही घेतलं नाही.

“मी लावला होता ना रे?” आई म्हणाली. “लावला होता मी.” मग थांबली. कठड्याकडे बघितलं. “विसरले असेन.”

बाबा माझ्याकडे बघत होते. “ना,” ते म्हणाले. “ना. ना.”

“हो हो, दुखतंय ना,” आई त्यांचं डोकं मांडीवर घेत म्हणाली. पहिल्यांदाच तिला त्यांचा ‘ना’ कळला नाही. मला कळला.

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झेपणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. मग छातीत कफ साठला आणि बाबा गेले. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला आई सांगायची, माझ्या हातून झालं, कठडा लावायला विसरले. मी शेजारी बसलेला असायचो. तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणायचो, “होतं गं असं. स्वतःला दोष देऊ नकोस.” माझी मावशी म्हणाली, मुलगा किती समजूतदार आहे. कळतंय तुला? मी आईला माफ करत होतो.

माझ्या हाताला डोळ्यांनी फसवलं, असं मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगून बघितलं. चालत नाही ते. मधल्या त्या सगळ्या रविवारांत एकदा जरी कूस बदलायला हात लावला असता, तर बाबांचं वजन किती उतरलंय, ते मला कळलं असतं. आणि पुढचं खोटं हाताने नाही, मी बोललो.

आईचा स्वतःवरचा विश्वास उडाला. गॅस बंद केला का, हे बघायला ती जिन्यातून परत यायची. आम्हाला मुलगी झाली, तेव्हा मधुराने बाळ तिच्यापुढे धरलं. आईने हात मागे घेतले. “नको गं, माझ्या हातून काही झालं तर?” तिने नातीला कधी उचललं नाही. पलंगावर शेजारी बसून नुसती बघायची.

या वर्षी आई आजारी पडली. हॉस्पिटलमध्ये एका दुपारी मी मोसंबी सोलत होतो, तेव्हा तिने विचारलं, “तुझ्या बाबांनी मला माफ केलं असेल का रे?”

“केलं असेल,” मी म्हणालो, आणि फोड तिच्या हातात दिली.

त्यानंतरही ती काही दिवस होती. बोलत होती, चहा गोड नाही म्हणून नर्सशी वाद घालत होती, नातीच्या शाळेचं विचारत होती. मी रोज तिच्याजवळ बसायचो. सांगता आलं असतं. सांगितलं नाही.