पायऱ्यांच्या काळ्या कडा

शाळेच्या कार्यालयात त्यांना सगळे ‘चालेल मॅडम’ म्हणत. पंखा बंद पडला, चालेल. रजा नाकारली, चालेल. हॉटेलात मागितलं एक आणि आलं भलतंच, तरी या बाई मुकाट्यानं खाऊन वर ‘छान होतं’ सांगून येणार. नवरा चिडवायचा, “मांडवात माझ्या जागी दुसराच कोणी उभा असता तरी हिनं चालवून घेतलं असतं.” अशी बाई नवं घर बांधल्यावर मात्र हात धुऊन ठेकेदाराच्या मागे लागली, आणि तेही कशावरून, तर रंग नि फरशीवरून! लोक म्हणाले, घर काय झालं, बाईंच्या डोक्यात हवा गेली.

खरं कारण नवरा-बायकोलाच ठाऊक होतं. नवऱ्यानं उभा जन्म बस चालवली. सगळे त्यांना ड्रायव्हरसाहेब म्हणत. त्यांची नजर आता जात चालली होती. नोकरी सोडली ती गुडघ्यांमुळे, असं ते जगाला सांगत. डॉक्टरांनी मात्र आडपडदा ठेवला नव्हता. “गेलेली नजर परत येणार नाही. उरलीय तेवढ्यात नवं घर पाठ करून घ्या. फरशी फिकी, कडा गडद आणि चकाकी कुठेही नको.” दवाखान्यातून बाहेर पडताच साहेबांनी बायकोकडून शब्द घेतला, की हे कुणालाही कळता कामा नये. ज्यांच्या भरवशावर बसभर माणसं बिनघोर डुलक्या काढायची, त्यांना हात धरून कुणी रस्ता ओलांडून द्यावा, हे त्यांना सोसणारं नव्हतं.

मॅडमनी ठेकेदाराला बजावून सांगितलं होतं: पायऱ्यांच्या कडेला काळ्या पट्ट्या, दारांच्या चौकटी गडद तपकिरी, फरशी खरखरीत. ठेकेदार भला माणूस. तिथंच तर घोडं अडलं. वाईट माणसाशी निदान भांडता तरी येतं. त्याला वाटलं, बाई साध्या आहेत, कुणीतरी त्यांच्या डोक्यात काहीतरी भरवलंय. त्यानं पदरमोड करून भारीतली चकचकीत फरशी बसवली. भिंती, चौकटी, पायऱ्या, पायऱ्यांच्या कडा, सगळं एकाच सायीच्या रंगाचं.

“बघा वहिनी, कसं एकसारखं दिसतंय! त्या काळ्या पट्ट्यांनी घराला दवाखान्याची कळा आली असती.”

मॅडमनी पायरीच्या कडेवरून बोट फिरवलं. “भाऊ, हे सगळं बदलावं लागेल.”

“अहो, पण का? कारण तरी सांगा.”

कारण ओठांवर आलं होतं. शेजारी साहेब उभे होते. “मला आवडत नाही,” मॅडम म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदाच असं वाक्य बोलल्या, आणि तेही खोटं.

मग सुरू झालं दुरुस्त्यांचं रडगाणं. बाईंची हौस आहे म्हटल्यावर घाई कोण करतो? रंगारी आला, चौकटींना फिकट बदामी रंग देऊन गेला. म्हणे, गडद फार उठून दिसतो. अहो, उठून दिसावा म्हणूनच तर सारा आटापिटा! फरशीवाला अर्धं न्हाणीघर फोडून दुसऱ्या कामावर गेला, तो गेलाच. मॅडम शाळेतून सुटल्या की सामानाच्या दुकानात आणि तिथून ठेकेदाराच्या दारात. इकडे साहेब चौकटीला धडकायचे नि हसून म्हणायचे, “दार उजव्या बाजूनं घुसलं. चूक त्याचीच.” मॅडमही हसायच्या. मग न्हाणीघरात जाऊन नळ मोठा सोडायच्या आणि रडायच्या. दिवस हातातून चालले होते, ते काही केल्या थांबत नव्हते.

साहेब जिन्यावरून घसरले, थोडक्यात वाचले, तेव्हा मात्र मॅडमचा धीर सुटला. ठेकेदाराला गाठून त्यांनी नवऱ्याला दिलेला शब्द मोडला. ऐकून ठेकेदार मटकन खालीच बसला. “वहिनी, आधी बोलला असतात तर…”

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो स्वतः छिन्नी-हातोडा घेऊन हजर झाला. पायऱ्यांच्या कडेच्या सायीच्या रंगाच्या पट्ट्या त्यानं एकेक करून उचकटल्या, पायऱ्या झाडून घेतल्या. मग काळ्या पट्ट्यांचा गठ्ठा काखेत घेतला, सुतळी अजून सोडायची होती. ठोकाठोकी थांबली तसे साहेब वरच्या खोलीतून जिन्याच्या तोंडाशी आले. मॅडम तिथंच उभ्या होत्या.

साहेबांनी मान खाली करून पायऱ्यांकडे बराच वेळ पाहिलं. मग तोंडभर हसले.

“वा! आता कसं झालं! काळी पट्टी काय ठळक दिसतेय. उगाच त्या बिचाऱ्याच्या मागे लागली होतीस, पण काम झालं हो झकास.”

खाली ठेकेदार जागच्या जागी थिजला. “हो ना,” त्या कशाबशा म्हणाल्या, “झालं एकदाचं.”

साहेब समाधानानं मागे वळले, भिंतीला हात लावत लावत खोलीत गेले. दार लागल्याचा आवाज आला. ठेकेदार दोन पायऱ्या वर चढला आणि काखेतल्या गठ्ठ्याकडे बघत दबक्या आवाजात म्हणाला, “वहिनी… लावू का?”

“लावा,” मॅडम म्हणाल्या. “त्यांना पसंत पडल्यात.”