वळणावरचे काळे ठोकळे

उत्तराबाई रामटेके यांनी पडलेलं पोर कधी उचललं नाही. रामदासपेठेतल्या एका शाळेच्या सिमेंटच्या मैदानावर त्या स्केटिंग शिकवायच्या, तेही पहाटे, कारण ऊन चढलं की नागपूरचं सिमेंट तव्यासारखं तापतं. पोर धाडकन पडायचं, गुडघा सोलून भोकाड पसरायचं, आणि कुंपणापलीकडून त्याची आई धावत यायची. बाई आईला हातानं थोपवायच्या आणि पोराला म्हणायच्या, "ऊठ." बस, एवढंच. पालक त्यांना मागून दगड म्हणत. म्हणोत बापडे. पोरं उठत होती ना?

निवृत्त झाल्यावरही त्यांना पंच म्हणून बोलावणी यायची. पण त्या पावसाळ्यात फोन आला तो थेट डेहराडूनहून. तिथे बर्फावरच्या स्केटिंगची, शॉर्ट ट्रॅकची, आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरायची होती. आपल्याकडे बर्फाची जाणकार माणसं थोडी, म्हणून चाकांवरच्या जुन्या पंचांनाही बोलावलं होतं. बाईंनी काम विचारलं आणि ऐकूनच त्या हरखल्या. या शर्यतीचा मार्ग लंबगोल. दोन्ही वळणांवर रबराचे काळे ठोकळे मांडलेले. त्यांच्या आतून कुणी गेलं तर बाद. खेळाडू वळताना इतके कलतात की हात बर्फाला टेकतो आणि ठोकळा उडतो. उडालेला ठोकळा, पुढची फेरी येण्याआधी, पुन्हा त्याच्या खुणेवर ठेवायचा. त्यासाठी एक माणूस स्केट घालून वळणाच्या आत उभा राहतो. जन्मभर शर्यत काठावरून पाहिली, आता आतून पाहायला मिळणार होती.

"काहून वं उत्तरा, या वयात बर्फावर नाचाले जाऊन राहिली?" थोरल्या जाऊबाई, प्रेमिलाबाई, म्हणाल्या. "तंगडं मोडलं त कोण करन तुहं?"

"तुम्ही आहा न, बाई."

"मी? मी त बर्फ गोळ्यातच पाह्यला!"

भर ऑगस्टात सीताबर्डीवर स्वेटर मागितला, तेव्हा दुकानदारानं आधी बाईंकडे पाहिलं, मग पंख्याकडे. तरी माळ्यावरून एक काढून दिला.

डेहराडूनला पहिल्याच सरावात बाई आडव्या झाल्या. चाकांवर थांबायचं तर मागचा पाय आडवा घासायचा, ही त्यांची जन्माची सवय. बर्फावर पाय आडवा घातला, पात्याची धार रुतली आणि बाई थेट पाठीवर. ट्रॅकप्रमुख शिमल्याचे, फार सभ्य गृहस्थ. ते अदबीनं म्हणाले, "मॅडम, तुम्ही पंचांच्या टेबलावर या. फेऱ्यांचे आकडे दाखवायचंही काम आहेच ना."

असल्या सभ्यपणाची बाईंना चीड होती. खुर्चीत बसून आकडे उलटायला एवढ्या लांब कशाला यायचं? त्यांनी उद्या सकाळपर्यंतची मुदत मागितली. "उद्या थांबता आलं नाही, तर टेबल."

संध्याकाळी रिंक मोकळी झाल्यावर त्या पुन्हा उतरल्या आणि पुन्हा पडल्या. या वेळी तर उठताच येईना. हात टेकावा तर घसरे, पाय टेकावा तर पळे. तेवढ्यात कुणीतरी सर्रकन येऊन शेजारी थांबलं. गुंजन होती ती. त्यांच्याच मैदानावर गुडघे फोडून घेतलेली, आता भारताच्या रिले संघात.

"मॅडम, हात देऊ का?"

"नको."

"मला वाटलंच होतं," गुंजन हसली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

बाईंनी जोर केला. बदकन पुन्हा खाली.

"तशा नका उठू, मॅडम. आधी दोन्ही गुडघ्यांवर या. हं. आता एकच पाय पुढे, पातं सरळ. दोन्ही हात त्या गुडघ्यावर. आता उठा."

बाई उठल्या. धाप लागली होती, पण मनात दुसरंच आलं. इतकी वर्षं आपण पोरांना 'ऊठ' म्हणालो. कसं उठायचं, ते एकाही पोराला सांगितलं नाही.

"तुला हे कुणी शिकवलं गं?"

"कुणी नाही. पडून पडून समजलं."

"सांगायला पाहिजे होतं मी."

गुंजननं खांदे उडवले. "आता थांबायचं शिका. पाय घासायचा नाही. गुडघे वाकवा आणि दोन्ही पाती एकदम आडवी. घाबरलात की पडलात."

सकाळी ट्रॅकप्रमुखांनी एक ठोकळा लांब भिरकावला. बाई गेल्या, थांबताना डगमगल्या, पण थांबल्या. ठोकळा उचलून बरोबर खुणेवर ठेवला. "प्राथमिक फेऱ्या तुमच्या," ते म्हणाले. "फायनलला मी तरुण माणूस लावतो."

बाईंना राग आला. पण त्यांचा वेग बेताचा आहे, हे त्यांनाही दिसत होतं. त्यांनी मान डोलावली.

दुसऱ्याच शर्यतीत एका कोरियन मुलीच्या हातानं ठोकळा उडाला आणि कठड्याकडे घरंगळला. झुंड पलीकडच्या वळणावर होती. बाई वाकून गेल्या, ठोकळा पकडला, परत येऊन खुणेवर दाबला आणि आत सरकल्या, तोच पाच मुली खरखरत त्यांच्या अंगावरून गेल्यासारख्या गेल्या. गार वारा स्वेटरात शिरला. बाईंना इतकं छान कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

दुपारी नागपूरहून फोन. "सकाळपासून मोबाइल धरून बसली मी," प्रेमिलाबाई कुरकुरल्या. "तू त कोठीच दिसली नाही वं! पोट्ट्या पळून राहिल्या, अन् ते काळे ठोकळे. बस."

"ठोकळे जागेवर होते?"

"होते न. ते कोठी जातीन?"

बाईंनी गारठलेली बोटं चहाच्या पेल्याभोवती घट्ट धरली. "बरं झालं. आता जेवून घ्या तुम्ही."