पत्रक ऐकणारी मांजर

काष्टीच्या बाजारात ती मला सापडली तेव्हा साखरेच्या पोत्यात होती. पोत्याचं तोंड सुतळीनं बांधलेलं. आत जिवंत मांजर आणि वर तीन गाठी! मी हादरले. तिला भिंगारला घरी आणलं आणि त्याच संध्याकाळी पत्रक लिहायला बसले.

दोन महिने ती दिवाणाखालून हलली नाही. असं भेदरलेलं जनावर माणसाळवायचं तर त्याच्याकडे बघायचं नाही, हाका मारायच्या नाहीत. जवळ बसून रोज काहीतरी मोठ्यानं वाचायचं आणि मध्येमध्ये उकडलेल्या चिकनचा तुकडा टाकायचा. माझ्याकडे वाचायला होतं काय? पत्रक! "पोत्यात जीव कोंबून बाजारात सोडणाऱ्यांनो, तुम्ही माणसं नाही!" इथून सुरुवात. दर परिच्छेदाला एक तुकडा.

आई म्हणायची, "तुझं भाषण ऐकून चौकातली माणसं पांगतात. हिला बिचारीला पळायला जागा नाही."

पण ती यायला लागली. आधी मिशा, मग पंजा, मग अख्खी. शेवटी शेवटी मांडीला अंग घासायची.

पाहुणे आले की मात्र सगळं मुसळ केरात. मांजर पाळायला न्यायला आलेले लोक वाकून बघायचे, "म्याँव म्याँव" करायचे, आणि ही भिंतीला चिकटायची. दोन घरं नको म्हणून गेली. घरमालकानं मांजर हलवायला महिनाअखेरची मुदत दिलेली.

तिसऱ्या आल्या त्या काष्टीकडच्या एक शेतकरी काकू. धान्याच्या खोलीत उंदीर झाले होते. त्या वाकल्या नाहीत, सरळ फरशीवर बसल्या. मी चहा टाकायला आत गेले, तर बाहेरून वाचल्याचा आवाज. काकूंनी चष्मा चढवला होता आणि दिवाणावर पडलेलं पत्रक घेऊन त्यावर बोट ठेवून शब्द लावत होत्या. "पो-त्यात... जीव... कोंबून..."

दिवाणाखालून मिशा आल्या. मग पंजा. मी कप घेऊन दारातच उभी.

मांजर काकूंच्या गुडघ्याला घासायला लागली, आणि काकू थांबल्या. "पोरी, हे आमचंच लिहिलंय की."

"म्हणजे?"

"पिल्लं लई झाली की आमी बाजारात सोडायचो. पोत्यातच न्यायची, म्हंजी वाट ध्यानात ऱ्हात न्हाई. माघारी येत न्हाईत. समदेच करत्यात."

"सुतळी बांधून?"

"मग? उघडं पोतं सायकलवर ऱ्हाईल व्हय?"

बाजारातून कांदे आणले, इतक्या सहज सांगितलं! माझ्या पत्रकातला राक्षस हा असा, नऊवारीत, चष्मा नाकावर घसरलेला. मी "उठा" म्हणणार होते. तोंड उघडलंही. तेवढ्यात मांजर त्यांच्या मांडीत चढून बसली. माझ्या मांडीत ती कधी चढली नव्हती.

"हिला नेणार कशातून?" मी विचारलं.

काकूंनी पिशवीतून पोतं काढलं.

मी ते हिसकावलंच. झाकणाची टोपली पुढे केली. "यातून न्या. पिल्लं होणार नाहीत, ऑपरेशन झालंय. आणि दर रविवारी मी बघायला येणार."

"ये की. भाकरी खाऊन जा." दारात गेल्यावर त्या वळल्या. "तेवढा कागुद बी दे. त्याच्याबिगर ही भाईर यायची न्हाई."

मी पत्रक दिलं. एक ओळही खोडली नाही.