पेट्रोलचा आळ

त्याला सगळे कवळीवाला म्हणत. दातांचे डॉक्टर रुग्णांच्या तोंडाचे साचे पाठवून देत आणि तो घराच्या मागच्या खोलीत बसून त्यावरून कवळ्या बनवे. प्लास्टर कालवायचं, मेणाच्या हिरड्या उभ्या करायच्या, त्यात एकेक दात बसवायचा, मग गुलाबी प्लास्टिक शिजवून घासूनपुसून चकचकीत करायचं. आसपासची निम्मी म्हातारी माणसं त्याच्या हातच्या दातांनी जेवत आणि सुनांशी भांडत. पण त्यांतलं कुणी त्याला ओळखत नसे आणि त्यालाही ते बरंच वाटे. माणूस अबोल. चार लोकांत बोलायची वेळ आली की दुसऱ्यांना दात देणाऱ्या या माणसाची स्वतःची दातखीळ बसायची.

तयार कवळ्या डॉक्टरांकडे पोचवायला त्याच्याकडे एक मोटारसायकल होती. लग्नाच्या आधी घेतली तेव्हाच ती जुनी होती. कवळ्या पोचवून आला की तो ती मागच्या अंगणात, सांडपाण्याच्या जाळीवर लावायचा, कारण दाराशी लावली तर बायकोला दोरीवर कपडे घालता येत नसत.

त्या वर्षी बायकोचा धाकटा भाऊ त्यांच्याकडे राहायला आला. तो रंगारी होता. जवळच्या एका शाळेच्या इमारतीचं मोठं काम मिळालं होतं, ते संपेपर्यंत तो बाहेरच्या खोलीत झोपणार होता. बोलका, गाणं गुणगुणणारा, ताईच्या हातचं मागून मागून खाणारा. ब्रश धुवायला त्याच्याकडे थिनरचा पत्र्याचा डबा असे आणि अंगाला कायम त्याचा वास. कवळीवाल्याच्या खोलीत तर प्लास्टिक कालवायच्या द्रवाचा उग्र वास वर्षानुवर्षं मुरलेला. त्याचं नाक केव्हाच कामातून गेलं होतं. बायको म्हणायची, "एकाचा वास मागे, एकाचा पुढे. मी मधल्या मध्ये गुदमरून मरायची."

मेहुणा आल्यानंतर काही दिवसांनी मोटारसायकलमधलं पेट्रोल कमी व्हायला लागलं.

आधी त्याला वाटलं, आपलाच अंदाज चुकला. मग तो टाकीत काडी घालून बघू लागला. संध्याकाळी काडी जिथवर भिजायची, सकाळी त्याच्या बरंच खालपर्यंत कोरडी निघायची. सकाळी गाडी चालू होताना त्रास देई, किक मारून मारून घाम निघे आणि मग भसकन काळा धूर. तेव्हा त्याच्या मनात आलं, हा पोरगा ब्रश धुवायला पेट्रोल काढतो आणि वर टाकीत थिनर ओतून ठेवतो की काय! असला विचार मनात आला याचीच खरं तर त्याला लाज वाटायला हवी होती. पण संशयाचं असं असतं की एकदा घरात शिरला की तो सगळ्या वस्तूंवर बसतो. मेहुण्याचा डबा त्याला आधीपेक्षा भरलेला दिसू लागला. मेहुणा अंगणात हातपाय धुवायला गेला की हा खिडकीशी जाऊन उभा राहायचा.

शेवटी एकदा जेवताना, ताटावरून मान वर न करता, तो म्हणाला, "पेट्रोल लागत असेल तर मागत जा. मागून घेतलेलं बरं असतं."

मेहुण्याचा घास हातातच राहिला. "मला कशाला लागेल, दाजी? मी सायकलवर जातो."

"ब्रश धुवायला लागत असेल."

"थिनर आहे ना माझ्याकडे."

"असेल. मी आपलं सांगितलं."

मेहुण्यानं ताईकडे पाहिलं. ती आमटी वाढत होती, ती वाढतच राहिली. जेवण कुणीच टाकलं नाही, भांडण झालं नाही. दोन दिवसांनी मेहुण्यानं ब्रश, डबा आणि वळकटी सायकलला बांधली. "शाळेतच खोली देतायत, दाजी. काम जवळ पडेल," एवढंच म्हणून तो गेला.

कवळीवाल्याला हलकं वाटलं. खोटं कशाला सांगा, दोन दिवस त्याला बरंच वाटलं. तिसऱ्या दिवशी सकाळी काडी घातली, तर पेट्रोल पुन्हा खाली.

त्यानं टाकीला कुलपाचं झाकण बसवून घेतलं. तरी पेट्रोल खालीच. आता संशय घ्यायला घरात बायको सोडून कुणी उरलं नव्हतं.

पुढे एकदा जाळी तुंबली म्हणून बायकोनं ती उचलून ठेवली होती, तेव्हा त्यानं गाडी भिंतीलगत फरशीवर लावली. सकाळी पाहतो तर गाडीखाली ओलं. वाकून बघितलं. कार्ब्युरेटरच्या खाली एक बारीक रबरी नळी लोंबते, जादा झालेलं पेट्रोल बाहेर सोडायला, तिच्या टोकाला एक थेंब जमत होता. जमला, लांबला, पडला. मग दुसरा. इतके दिवस हेच जाळीतून गुपचूप वाहून जात होतं, आणि पेट्रोलचा वास बायकोला भावाच्या डब्याचा वाटत होता.

त्यानं टाकीखालचा कॉक बंद केला. थेंब मंदावले, थांबले. कॉक उघडला, पुन्हा सुरू. गाडी उभी करताना कॉक बंद करायचा असतो हे त्याला विकणाऱ्या माणसानं सांगितलं होतं, पण आळसानं त्यानं तो कधी केला नव्हता. तो तिथंच उकिडवा बसून राहिला. अंगणात कुणी नव्हतं तरी त्याला वर बघवेना.

आणि एवढं कळूनही तो बायकोला काही बोलला नाही. गाडी आधी गुपचूप दुरुस्त करावी, मग विषय आपोआप मिटेल, असा त्यानं हिशेब केला.

कार्ब्युरेटरच्या वाटीवर त्यानं पेचकसाच्या मुठीनं ठोकून पाहिलं; आतली सुई अडकली असेल तर सुटते. गळती थांबली नाही. मग त्यानं कार्ब्युरेटरच उतरवला आणि खोलीत, दातांच्या शेजारी, खोलला. वाटीच्या तळाशी थोडा गाळ होता, तो पुसला. पेट्रोल अडवणारी सुई भिंगाखाली तपासली. टोक शाबूत होतं. ती जिथं टेकते ते भोकही काडीला कापूस गुंडाळून साफ केलं. सगळं बसवलं, कॉक उघडला. टप्‌, टप्‌.

पुन्हा उतरवलं. आता उरला फ्लोट, म्हणजे पेट्रोलवर तरंगणाऱ्या, पितळेच्या दोन पोकळ डब्या. पेट्रोल भरलं की फ्लोट वर उचलला जातो आणि सुईला दाबून वाट बंद करतो. त्यानं तो कानाशी धरून हलवला. एका डबीत चुळुक चुळुक वाजलं. पोकळ डबीत पेट्रोल शिरलं होतं. ती जड झालेली, वर उचलायची कुठून?

छिद्र शोधायला गरम पाणी हवं होतं, म्हणून तो स्वयंपाकघरात गेला. बायकोनं चहासाठी आधण ठेवलं होतं.

"गॅस बंद कर आणि थोडं पाणी दे."

"कशाला?"

तो पातेलीतलं पाणी घेऊन अंगणात आला, फ्लोट त्यात बुडवला. डबीच्या सांध्यातून बारीक बुडबुड्यांची माळ वर आली. बायको मागे येऊन उभी होती.

"हे काय आहे?"

आता मात्र त्याला टाळता आलं नाही. "इथून पेट्रोल आत जात होतं," तो म्हणाला. "म्हणून गाडी गळत होती. रोज. कुणी घेत नव्हतं."

त्याला वाटलं, ती आता बोलेल, ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती पायरीवर बसली आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "तुम्ही बोललात ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी तो आंघोळीला गेला असताना मी त्याचा डबा उघडून वास घेतला होता."

"मग?"

"थिनरच होतं. पण मी डबा नाकाशी धरलेला असताना तो दारात आला. बघितलं आणि काही न बोलता मागे वळला."

दोघंही बुडबुड्यांकडे बघत राहिले. ते संपले तरी कुणाला उठवेना.

फ्लोट पूर्ण रिकामा करून त्यानं दिवसभर उन्हात वाळवला. मग छिद्रावर कथलाचा डाग दिला, अगदी बारीक, म्हणजे वजन वाढायला नको. त्या कामात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. गळती थांबली. गाडी पहिल्या किकला चालू झाली, तिच्यावर बसून तो शाळेत गेला.

मेहुणा व्हरांड्यात शिडीवर होता. खाली पाहून म्हणाला, "दाजी? बरं झालं आलात. जरा शिडी धरा, फरशीवरून सरकते इथं."

कवळीवाल्यानं शिडी धरली. वरून पांढरे शिंतोडे डोक्यावर पडत होते. सांगायचं ते त्यानं वाटेत दहा वेळा घोकलं होतं. आता तोंडातून फुटेना. शेवटी शिडीच्या पायरीशीच बोलल्यासारखा तो म्हणाला, "गाडीच गळत होती रे. कार्ब्युरेटर. माझं चुकलं. मी तुला नाही नाही ते बोललो."

वरचा ब्रश थांबला, मग पुन्हा चालू झाला.

"तुमचं एवढं लागलं नाही हो, दाजी," मेहुणा म्हणाला. "तुम्ही मला किती ओळखता? पण ताईनं लहानपणी मला अंगाखांद्यावर खेळवलंय."

"तिलाही वाईट वाटतंय. रात्री रडत होती."

"रडू नको म्हणावं तिला." थोड्या वेळानं तो म्हणाला, "सोडा आता शिडी. हा कोपरा झाला."

मेहुण्यानं राग धरला नाही. शाळेचं काम संपलं, दुसरं मिळालं, त्यानं त्याच भागात एक खोली घेतली. सुट्टीच्या दिवशी तो ताईकडे जेवायलाही येऊ लागला, हसायचा, आमटी मागून घ्यायचा. राहायला मात्र पुन्हा कधी आला नाही. आणि दारात आला की चपला काढायच्या आधी विचारायचा, "येऊ का, ताई?"

"ये की रे, विचारतोस काय!" ती आतून म्हणायची. दर वेळी म्हणायची, आणि दर वेळी तो विचारायचा. मागच्या खोलीत कवळीवाला हातातलं काम खाली ठेवायचा, बाहेर जाऊन बसावं म्हणून उठायचा, आणि मेहुण्याचं बाहेरच्या खोलीत पाऊल पडून तो स्थिरस्थावर होईपर्यंत दाराआड तसाच उभा राहायचा.