लाल नळ्यांवर पाणी

पांडेसऱ्याच्या आमच्या कापड मिलमध्ये बॉयलरच्या नोंदी तपासणं हे माझं काम. तिथला पहिला नियम असा: पाणी संपून नळ्या लाल झाल्या तर आधी भट्टीतला विस्तव ओढायचा. गार पाणी सोडायचं नाही, बॉयलर फुटतो.

मुलीला बघायला आलेला मुलगा अणुवीजकेंद्रात इंजिनिअर होता. लग्नानंतर ती तिथल्याच वसाहतीत राहणार, म्हणून पगार विचारायच्या आधी मी विचारलं, "अणुभट्टीचं पाणी बंद पडलं तर?"

"काही होत नाही, काका. सगळी व्यवस्था आहे."

'काही होत नाही' असं कुणी म्हटलं की मी स्वतः जाऊन काटा बघतो. "समजा, सगळ्या व्यवस्था बंद पडल्या."

बायकोने चहा ठेवला. "अहो, जावई बघताय की बॉयलर?" मुलाची आई हसली. मी नाही.

मुलगा सावरून बसला. युरेनियमच्या गोळ्या झिर्कोनियमच्या नळ्यांत भरलेल्या असतात, म्हणाला. पाणी गेलं की नळी फुगते, फाटते. बाराशे अंशांच्या आसपास ती वाफेतला ऑक्सिजन झपाट्याने घेते, हायड्रोजन सुटतो, आणि त्या क्रियेच्याच उष्णतेने नळी आणखी तापते.

"आणि गोळी कधी वितळते?"

"अठ्ठावीसशेच्या आसपास."

"म्हणजे तोवर शाबूत?"

"नाही. नळी आधी वितळते, आणि तिच्या रसात गोळी अठ्ठावीसशेच्या बरीच आधी विरघळायला लागते."

"मग करता काय?"

"पाणी सोडतो."

मी कप खाली ठेवला. "लाल नळ्यांवर? आधी विस्तव ओढा की."

"तो ओढता येत नाही, काका. अणुभट्टी बंद केली तरी गोळ्या तापतच राहतात." मग जरा हळू आवाजात, "तुमचंही बराबर आहे. उशीर झाला असेल तर ठिसूळ नळ्या तडकतात, काही वेळ हायड्रोजन वाढतो. तरी पाणीच सोडायचं. दुसरा इलाज नाही."

पाहुणे गेल्यावर मुलीने विचारलं, "पप्पा, पास की नापास?"

"पहिलं उत्तर पाठ केलेलं होतं. दुसरं खरं वाटलं. वसाहत केंद्रापासून किती लांब आहे, ते विचारून घे."

"मघाशीच विचारलं."

"'लांब आहे' म्हणाला असेल."

"नाही. मोजून सांगतो म्हणाला."

त्यावर मी होकार कळवला. आकडा आला तेव्हा मात्र नकाशा काढून एकदा स्वतः मोजून पाहिला.