गंगासागरबाई सभेला गेल्या

भिवराबाईंचं शिवणाचं दुकान जळालं तेव्हा आग विझवायची गाडी वेळेवर आली होती. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढे नगरपालिकेत सगळे नेमकं उलटं बोलले. अग्निशमन केंद्र बाजाराच्या तोंडाशीच, निजामाच्या काळातल्या दगडी शेडमध्ये. ओरडा ऐकताच ड्रायव्हर भारतनं गाडी दुकानासमोर आणली, पाइप सोडला, चार फवारे उडाले आणि पाणी संपलं.

"टाकी रिकामी कावून रे?" शेजारच्या दोरखंड-पोत्यांच्या दुकानातून धावत आलेल्या गंगासागरबाई ओरडल्या.

"काकू, सकाळी जिनिंग सोसायटीच्या पंगतीला पाणी टाकून आलोय. साहेबांचा फोन होता."

साहेब म्हणजे विठ्ठलराव. नगराध्यक्षही तेच आणि सहकारी जिनिंगचे चेअरमनही तेच. गावात बायका नळाची वाट बघत रात्री जागत होत्या, पण सोसायटीच्या सभासदांच्या पंगती कुठल्या दुष्काळात थांबल्यात? भिवराबाईंच्या दोन्ही मशिनी आणि लग्नसराईचे शिवायला आलेले कपडे, सगळ्याचा कोळसा झाला.

आठवडाभरात विठ्ठलरावांचा ठराव तयार. केंद्र जुनं, कुचकामी, वेळेला उपयोगी पडलं नाही. सबब नवं केंद्र तेलगाव रस्त्याला, सोसायटीच्या जिनिंगला खेटून बांधावं आणि बाजारातल्या जागेवर दुकानगाळे काढावेत. शेड जुनी होती, खोटं कशाला बोला. पत्रे गळत होते, भिंतीला हात जाईल एवढी भेग होती. ती पाडून नवी बांधायलाच हवी होती. पण कुठं? तेलगाव रस्त्यावरून निघालेली गाडी बसस्टँडची कोंडी आणि आठवडी बाजार ओलांडून येईपर्यंत पेठेची राख झाली असती.

गंगासागरबाई त्याच प्रभागाच्या नगरसेविका. नावाला. बायकांची जागा निघाली तेव्हा त्यांचे दीर गुंडप्पा यांनी विधवा वहिनींना उभं केलं, निवडून आणलं आणि खुर्चीवर स्वतः जाऊन बसले. त्या पालिकेत हीच रीत. कुणाचा नवरा, कुणाचा दीर. टेबलावर पाटी बाईच्या नावाची, पाटीमागे मिशा.

"वयनी, पहिला गाळा आपला," सभेच्या आदल्या दिवशी गुंडप्पा खुशीत म्हणाले. "बोलून ठिवलंय."

"आन् पुन्हा आग लागली तर?"

"कावून लागंल? शुभ बोला की."

"उद्या सभेला मी जाणार हाय, भाऊजी."

"तुमाला काय कळतंय तिथलं?"

"जळालेलं कळतंय. वास अजून नाकात हाय."

दुसऱ्या दिवशी बाई सभागृहात शिरल्या तर गुंडप्पा आधीच खुर्चीत.

"उठा."

"वयनी, लोक बघायलेत."

"बघू द्या. पाटी वाचता येती ना? उठा!"

गुंडप्पा उठले. विठ्ठलराव हसले. "या, ताई, या. अरे, ताईंना चहा सांगा."

"चहा राहू द्या. त्या दिवशी गाडीत पाणी कावून नव्हतं, ते सांगा."

"तान्हेल्याला पाणी दिलं, ताई. पुण्याचं काम हाय."

"पुण्य तुमचं आन् दुकान भिवराबाईचं!" बाईंचा आवाज चढला. "केंद्र म्हातारं झालं म्हणून दुकान जळालं न्हाई. तुमी पाणी पळवलं म्हणून जळालं. शेड पाडा, हाय त्याच जागी नवी बांधा. तेलगाव रस्त्याला माझा हात न्हाई."

"बरं बरं. ठराव सर्वानुमते—"

"सर्वानुमते कसा? हात मोजा."

पहिला हात मोहनरावांचा वर झाला. नगरसेविका छबुबाई, हे त्यांचे यजमान.

"मोहनराव, तुमी कोण?"

"म्हंजे?"

"निवडून छबुबाई आल्यात. तुमी कोण?" मग बाई मुख्याधिकाऱ्यांकडे वळल्या. "साहेब, सभासद नसलेल्याचा हात मोजता का तुमी?"

मुख्याधिकाऱ्यांनी विठ्ठलरावांकडे पाहिलं, पंख्याकडे पाहिलं आणि ते पुटपुटले, "नाही मोजता येत."

"मग बाहेर काढा त्यांना."

नवरे निघाले, दीर निघाले. खुर्च्या मोकळ्या झाल्या आणि उरलेल्यांत कोरमच भरेना. सभा तहकूब.

त्याच संध्याकाळपासून बाई एकेका नगरसेविकेच्या दारात उभ्या राहिल्या. "मत कुठं बी द्या, पण हात तुमचा पाहिजे," एवढंच म्हणायच्या. मोहनरावांनी तर उंबऱ्यातूनच वाटेला लावलं. छबुबाई आत भाकरी थापत ऐकत होत्या.

सोमवारी पुन्हा सभा भरली. बायका आल्या, बरोबर नवरेही आले. त्यांना बाहेर व्हरांड्यात थांबावं लागलं. तेलगाव रस्त्याचा ठराव दोन मतांनी पडला. छबुबाईंचा हात खालीच राहिला होता.

विठ्ठलराव कागद गोळा करून उठले. "झालं समाधान? आता केंद्रासाठी आलेला सरकारी निधी परत जाईल. नवं न्हाई आन् जुनं बी न्हाई."

"खाली बसा," गंगासागरबाई म्हणाल्या. "हाय त्याच जागी बांधायचा ठराव मी मांडतेय. आन् गाडीचं पाणी आगीशिवाय कुठं जाणार न्हाई, हे बी त्यात लिवा."

"ते पुढच्या सभेत बघू."

"आत्ता. घाई तुमाला होती ना?"

बाहेरून कुणीतरी दार वाजवलं. "अहो, चला की! किती उशीर?" मोहनरावांचा आवाज.

छबुबाईंनी दाराकडे मानही वळवली नाही. "वाजवू द्या," म्हणत त्या मुख्याधिकाऱ्यांकडे वळल्या. "साहेब, तुमी लिवा."