एडक्याच्या चिऱ्याची विहीर

होडी काठापासून बरीच आत गेली की नावाडी वल्ही उचलून धरायचे आणि म्हणायचे, "आली नदी."

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला काही कळलं नाही. आम्ही केव्हापासून पाण्यातच होतो. मागे इंदापूरचा काठ, पुढे करमाळ्याचा, मध्ये नजर पोचेल तिथवर पाणी. मग समोरच्या बाईने कमरेच्या पिशवीतून हळदकुंकवाची पुडी काढली, चिमूटभर पाण्यात सोडली आणि हात जोडले. शेजारी बसलेले तात्या मला म्हणाले, "ह्ये मागचं समदं धरणाचं पाणी. त्याला कोण हात जोडतंय? नदी हितनं सुरू हुतीया. आता खाली काठी लागायची न्हाय बघ."

नावाड्यांनी लांब काठी पाण्यात सोडून दाखवली. खरंच तळ लागला नाही.

भीमा मी शाळेत इंग्रजीतून पाठ केली होती. उगम कुठे, नीरा कुठे येऊन मिळते, पुढे ती कृष्णेला कुठे मिळते, सगळं. नकाशात ती एक निळी रेघ होती. धरणाच्या पाण्याखालून जुनी नदी अजून आपल्या वाटेने जाते आणि लोकांना ती ओळखू येते, हे त्या पुस्तकात नव्हतं.

वडिलांच्या बदल्यांमुळे माझं शिक्षण गावोगावच्या इंग्रजी शाळांत झालं. नव्वदच्या पुढे आम्ही बारामतीत, जळोचीला स्थिरावलो आणि मी तिथल्या कॉलेजात जाऊ लागले. मराठी मला येत होतं, पण बोलायच्या आधी मी वाक्य मनात एकदा म्हणून पाहायची. तोवर समोरच्याचा विषय बदललेला असायचा. त्यामुळे मी बहुतेक ऐकायचं काम करायची. सुट्टी लागली की एस.टी.ने आईच्या माहेरी जायची. तात्या म्हणजे आईचे चुलते. मोठे त्यांना तात्या म्हणायचे म्हणून आम्हीही म्हणायचो. मी आले की ते मामीला सांगायचे, "भाकरी जरा कमी टाक. ही बोलत न्हाय, मंजी हिला भूकबी कमीच असंल." मामी हसायची. मीही हसायची. त्यावर काही बोलायचं सुचायचं ते संध्याकाळी.

त्यांचं जुनं गाव धरणात गेलं आणि नवं गावठाण वर माळावर वसलं. पण रान पुरतं गेलं नव्हतं. उन्हाळ्याकडे पाणी मागे हटतं, तसा खालचा काळा गाळ उघडा पडतो. ओल आहे तोवर त्यात लोक कलिंगडं, काकड्या, वैरण करतात. त्याला गाळपेर म्हणतात. ज्याचं रान बुडालं तो सहसा आपल्याच रानात गाळपेर करतो. आता गाळाखाली ना बांध दिसतो ना हद्दीचा दगड. मग आपलं रान ओळखायचं कसं? तात्यांची खूण होती चिंच. पाण्यात दूरवर एका वाळलेल्या चिंचेचा शेंडा वर आलेला होता, त्यावर पाणकावळे पंख पसरून बसलेले असायचे. ती त्यांच्या विहिरीवरची चिंच. तिच्या सरळ रेघेत काठाकडे यायचं, की त्यांचं रान.

विहीर त्यांच्या वडिलांनी बांधलेली. घरात तेव्हा मेंढरं होती, म्हणून विहिरीच्या तोंडाच्या एका चिऱ्यावर पाथरवटाकडून एडक्याचं, म्हणजे मेंढ्याचं, तोंड कोरून घेतलं होतं. शिंगं वळलेली. त्याच्या शेजारी पाण्यातल्या देवतांचे, साती आसरांचे, शेंदूर लावलेले सात दगड. गाव सोडायच्या दिवशी तात्यांच्या आईने विहिरीवर उभं राहून त्यांच्याकडून शब्द घेतला होता, की रानातलं पहिलं फळ दरसाल आसरांना पोचलं पाहिजे. तेव्हापासून पहिल्या कलिंगडाच्या सात फोडी करून तात्या चिंचेच्या दिशेने गुडघाभर पाण्यात जायचे आणि सोडून यायचे. एक साल चुकलं नव्हतं.

मी सांगते आहे तो उन्हाळा मात्र वेगळा होता. पाणी मागे गेलं ते जातच राहिलं. होडीचा धक्का तीनदा खाली सरकवावा लागला. जुनं देऊळ कमरेपर्यंत बाहेर आलं. उथळ पाण्यात रोहित पक्ष्यांचे थवे अगदी जवळ येऊन चिखल चाळू लागले. तात्या त्यांना लांब पायांचे पाव्हणे म्हणायचे. आणि एक दिवस चिंच बुंध्यापर्यंत उघडी पडली.

तात्यांचे गुडघे तोवर गेले होते. हे शेवटचं गाळपेर, असं त्यांनीच सांगून टाकलं होतं. "एकदा एडका बघतो, त्याच्या म्होरं सात फोडी ठिवतो, मंग मी मोकळा," असं ते मामीला दोनदा म्हणाले. चिंचेपाशी विहिरीचा गोल दिसत होता, पण वर हातभर गाळ. तात्या रोज खुरपं घेऊन बसायचे आणि एकेक चिरा मोकळा करायचे.

त्यांच्या वरच्या अंगाला आबांचं गाळपेर होतं. आबा तात्यांच्याच वयाचे, जुने बांधशेजारी. दोघांचा अबोला माझ्या जन्माच्या आधीचा. तात्यांचा एडका आबांच्या ज्वारीत शिरला होता, तिथून सुरुवात. ज्वारीचं रान पाण्याखाली गेलं, एडका कधीच मेला, अबोला मात्र नव्या गावठाणात सोबत आला. होडीतही एक पुढच्या टोकाला बसायचे आणि दुसरे मागच्या.

पक्षी बघायला म्हणून मी पाण्याच्या कडेकडेने चालत आबांच्या रानाखाली गेले. तिथेही एक विहीर उघडी पडली होती. शेजारी चिंचेचं खोड आडवं, अर्धं गाळात. विहिरीचा वरचा थर मोकळा होता आणि एका चिऱ्यावर वळलेली शिंगं होती.

मी बोटाने गाळ काढला. नाक दिसलं. डोळा दिसला.

म्हणजे तात्यांची चिंच पाण्याखाली कधीच पडली होती. शेंडा दिसत होता तो शेजारच्या, आबांच्या विहिरीवरच्या चिंचेचा. तात्या इतकी वर्षं आबांच्या रानात गाळपेर करत होते, आबा तात्यांच्या, आणि शब्द दिलेलं फळ तात्या आबांच्या विहिरीला पोचवत होते.

हे मी दोन दिवस कोणाला सांगितलं नाही. सांगायचं वाक्य मनात तयार होतं, पण ते तात्यांच्या तोंडावर म्हणायची हिंमत होत नव्हती. वाटायचं, राहू दे की. गुडघे दुखतील, ते दमतील, पाणी पुन्हा चढेल आणि त्यांना वाटत राहील की एडका तिथेच होता, फक्त सापडला नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी शेवटचा चिराही पुसला. सगळे कोरे. पहिलं कलिंगड शेजारी टॉवेलवर ठेवलेलं होतं. तात्या खुरपं खाली टाकून म्हणाले, "काढून न्हेला आसंल कुणीतरी. न्हायतर आसरांनीच न्हेला. आईला काय सांगू?"

त्यांची आई जाऊन किती वर्षं झाली होती.

"तात्या, तो चिरा मी पाहिला आहे," मी म्हणाले. ऐकायला पुस्तकातलं वाक्य वाटलं. "तिकडे, आबांच्या रानात."

तात्या माझ्याकडे बघत राहिले. मग ते चिंचेकडे बघू लागले, मग लांब देवळाकडे, पुन्हा चिंचेकडे. त्यांच्या डोळ्यांसमोर सगळं रान एका अंगाला सरकत असावं. ते उठले. मी कलिंगड उचललं.

आम्ही हद्द ओलांडली तसे आबा खोपीतून उठून आले. तात्या एडक्यापाशी बसले होते, पंजाने त्याचं तोंड पुसत होते. बाजूला सात दगड. गाळातही स्वच्छ, नुकतेच धुतल्यासारखे.

तात्यांनी वर न बघता विचारलं, "तुला ठावं हुतं?"

"व्हय."

"कवापास्नं?"

"पयल्या सालापास्नं. मी आलो तर तू माझ्या रानात बी टोकत उभा. तुला सांगायचं मंजी बोलाया लागलं असतं."

"मंग बोलायचं हुतं."

"तू बोलला असतास?"

तात्यांनी एडक्याच्या शिंगातला गाळ बोटाने काढला. मागे पक्ष्यांचा गलका चालू होता. मग त्यांनी ज्याच्यासाठी आठवडाभर गुडघे झिजवले होते ते बोलून दाखवलं, पण आबांना नाही, जणू त्या एडक्याला. "इतकी सालं हितं काय पोचलं न्हाय."

"का न्हाय पोचलं?" आबा म्हणाले. "तुझ्या आईनं शबुद घेतला तवा मी काय बहिरा हुतो? पलीकडंच उभा हुतो. दरसाल सात फोडी टाकतोय. माझ्या आसरांना तू देत हुतास, तुझ्या आसरांना मी. उपाशी कोण न्हाय ऱ्हायलं."

तात्यांनी माझ्या हातातून कलिंगड घेतलं. आबांच्या विळ्याने ते कापलं; फोडी लहानमोठ्या झाल्या. सात त्यांनी दगडांपुढे ठेवल्या. मग आणखी सात टॉवेलात घालून मला म्हणाले, "ह्या तिकडं ठिवून ये. तिथल्यांना सवय हाय."

मी परत आले तेव्हा उरलेल्यातली एक फोड आबांच्या हातात होती.

"ग्वाड हाय," आबा म्हणाले.

तात्यांनी आपल्यासाठी एक फोड उचलली.

"हुणारच. रान कुणाचं?" आबांनीच पुढे विचारलं.

"आणि घाम कुणाचा?" तात्या म्हणाले, आणि बिया थुंकायला तोंड दुसरीकडे फिरवलं.

त्या वर्षी पाऊस झाला आणि श्रावणाच्या सुमाराला दोन्ही विहिरी, चिंच, एडका सगळं पुन्हा खाली गेलं. तात्यांनी खरंच गाळपेर सोडलं. पुढच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत पलीकडच्या काठाला एका लग्नाला जायला मी पुन्हा होडीत बसले. आबा पुढे होते, तात्या मागे, नेहमीसारखे. दोघांत आधी कोण बोलतं याची मी वाट बघत होते.

नावाड्यांनी वल्ही उचलली. "आली नदी."

मी आईने दिलेल्या पुडीतलं हळदकुंकू पाण्यात सोडलं. हात जोडून वर पाहिलं तर आबा मान वळवून मागे, तात्यांकडे, बघत होते. "तात्या," ते मोठ्याने म्हणाले, "औंदा पयलं फळ मी दोनीकडं टाकतो. तू घरी बस."

"बसतो," तात्या म्हणाले.